पैज दिसण्याची

४ नोव्हेंबर

बारक्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचताना चहा उतू गेला. दीपगृह बंद होणार हे तू असं लिहिलंयस, जसं कोणी लिहावं की आज जरा ढग आहेत. उभी हयात त्या बेटावर दिवा सांभाळत काढलीस, आता वर्षअखेरीला साहेब लोक येऊन तो कायमचा बंद करणार, कारण जहाजांना म्हणे यंत्रातच सगळं दिसतं. आणि तू वर लिहितोस, "होतं असं." होतं असं म्हणजे काय रे? बाबा म्हणायचे, हा कार्टा काय दिवे लावणार. लावलेस की, तेही अख्ख्या समुद्राला.

मुद्द्याचं बोलते. बंदरातल्या गोदामात कारकुनी देतायत आणि वरच्या मजल्यावर एक खोली, असं तू लिहिलंयस. ती खोली न बघता सांगते, तिला खिडकी नसणार. तू इकडे ये. आईची खोली रिकामी आहे. म्हणजे रिकामी नाही, मी तिच्यात पाने, वायसर आणि पाईपचे तुकडे भरून ठेवलेत, पण ते काढायला किती वेळ लागतो. माझ्या हातचं तुला गिळवत नाही हे मला माहीत आहे. स्वयंपाक तू कर.

माझं तेच चाललंय. तुझे भावजी गेल्यावर पाणीखात्याने मला त्यांच्या जागी घेतलं, ते काम अजून तेच. डोंगरातल्या झऱ्यापासून खालच्या टाकीपर्यंत पाईपाच्या कडेकडेने जायचं, गळतंय तिथं आवळायचं. लोक मला पाईपवाली म्हणतात. फरक एवढाच की यंदा गुडघ्यांनी राजीनामा दिला, म्हणून मी मोटारसायकल घेतली. हसून झालं की पुढे वाच. रस्त्यावर चालते आणि दगडधोंड्यांतही चालते अशी गाडी आहे. उंच, हडकुळी, गाढवाच्या जातीची. स्वस्तातली, जुनी, टाकीचा रंग उडालेला, आरसा एकच. चाकांना मक्याच्या कणसासारखे दाणे आहेत. मिस्त्री म्हणाला, महागाची गाडी पडली की माणूस तिच्याशेजारी बसून रडतो, ही पडली की उचलायची आणि पुन्हा बसायचं. ते मला पटलं. भावजींची पॅन्ट घालते. शेजारीण म्हणाली, या वयात शोभतं का. म्हटलं, तुझ्या नळाला पाणी येतंय ना, मग झालं.

तुझं एक वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. तू लिहिलंस, "इतकी वर्षं दिवा लावला, पण तुझा दिवा दिसला असं मला आजवर एकाही माणसाने सांगितलं नाही."

उत्तर लगेच टाक. विचार करत बसू नकोस, विचार तुला झेपत नाही.

ताई

१३ नोव्हेंबर

ताई,

बोट आठवड्याने येते आणि तिच्यासोबत पिठाची पोती, रॉकेल आणि तुझा राग येतो. इथे फोन लागत नाही हे एका परीने बरंच आहे.

आईची खोली मला आठवते. खिडकीतून फक्त डोंगर दिसायचा. लहानपणी वाटायचं, जग येऊन त्या डोंगराला टेकतं आणि संपतं. मी घरातून पळालो असं सगळे म्हणतात. मी बाबांपासून पळालो नव्हतो, त्या डोंगरापासून पळालो. इथे डोळे उघडले की पाणी, मिटताना पाणी. झोपेतसुद्धा कानाला कळतं की भरती आहे की ओहोटी. त्याला पाठ करून डोंगराआड येऊन राहणं मला जमणार नाही. गोदामातून निदान समुद्राचा वास तरी येईल. तू रागावशील म्हणून आधीच लिहितो, रागव, पण बोलावू नकोस.

एक गंमत सांगतो. थंडीत हवा स्वच्छ असली की पूर्वेला, पाण्याच्या पार पलीकडे, एक निळी रेघ उमटते. नकाशा बघितला तर तो आपलाच डोंगर असावा. मी कधीकधी दुर्बीण लावून त्याच्याकडे बघतो. तो माझ्याकडे पाठ करून बसलेला असतो.

दिव्याचं तू कधी विचारलं नाहीस, तरी लिहितो. भिंग माझ्याहून उंच आहे, पैलू पाडलेलं. प्रत्येक दीपगृहाची चाल वेगळी असते, खलाशी चालीवरून ओळखतात कुठल्या किनाऱ्यावर आलो ते. माझी चाल अशी: दोन झपके, मग लांबलचक अंधार, पुन्हा दोन झपके. 

गाडीवरून पडू नकोस.

तुझा बारक्या

२४ नोव्हेंबर

बारक्या,

डोंगर तुझ्याकडे पाठ करून बसतो म्हणतोस. अरे, ते त्याचं तोंड असेल. पाठ आमच्या वाट्याला आलीय.

आता नीट ऐक. तुला तिथून आमचा डोंगर दिसतो, तर डोंगरावरून तुझा दिवा दिसलाच पाहिजे. नजर म्हणजे काही एका बाजूने चालणारी वाहतूक नाही. माझा पाईप झऱ्यापाशी संपतो. त्याच्या वर कोणी जात नाही, कारण वर कोणाचं काहीच काम नाही. मी जाणार. पैज लाव. माथ्यावरून दिवा दिसला तर तू मुकाट इकडे राहायला यायचं, कारण तुझी अडचण एवढीच ना की समुद्र डोंगराआड राहील. जो वरून दिसतो तो आड कसला? नाही दिसला तर जा गोदामात, मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही म्हणायचं असेल तर म्हणू नकोस, मी धरून चालते की तू हो म्हणालास.

काल रविवारी पहिल्यांदा गेले. झऱ्याच्या वर सुट्ट्या दगडांचा मोठा घसारा आहे. तिथे गाडी पाडली, उचलली, पुन्हा पाडली. चाक दगडावरून चेंडूसारखं टप्पे घेत होतं. ब्रेकचा पाय वाकला, माझं कोपर सोललं. रडले नाही, शिव्या दिल्या. डोंगराने त्या सगळ्या ऐकून घेतल्या आणि एकेक करून परत पाठवल्या.

खाली येऊन गाडी मिस्त्रीला दाखवली. त्याने चाकावर अंगठा दाबला. मग विचारलं, हवा कोणी भरली. मी म्हटलं मीच, वर चढायचं म्हणून मुद्दाम, दगडासारखी टणक. माझ्या सगळ्या जन्मात दाब कमी म्हणजे गळती आणि दाब भरपूर म्हणजे काम चोख. तो हसता हसता जमिनीवर बसला.

"बाई," तो म्हणाला, "पाण्याला दाब लागतो. दगडापाशी नमतं घ्यावं लागतं."

आणि माझ्यादेखत त्याने फुस्सकन हवा सोडली. कुठूनही फुस्स ऐकलं की माझा जीव खालीवर होतो. हात आपोआप पान्याकडे गेला.

आज कामावर जाताना मुद्दाम त्या घसाऱ्यावर गेले. बारक्या, तेच दगड होते. पण आता चाक दगडावर टेकायचं, जरा पसरायचं, त्याला कवळायचं आणि पुढे सरकायचं, शेळीच्या खुरासारखं. मी पायदानांवर उभी होते, गुडघे सैल सोडून, आणि गाडी माझ्या खाली आपली आपण डुलत चढत होती. दगडाकडे बघायचं नसतं. त्याच्याकडे बघितलं की चाक त्यालाच शोधत जातं. जिथे पोचायचं तिथे बघायचं. इतकी वर्षं मी त्या डोंगरात मान खाली घालून हिंडले, गळती शोधत. आज पहिल्यांदा त्याच्या अंगावरून मान वर करून गेले. पुढे धुकं होतं म्हणून वळले, पण वळताना माझ्या तोंडून एकही शिवी निघाली नाही. आणि माझं तोंड तुला माहीत आहे.

ताई

३ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र काल मिळालं. पैज वगैरे राहू दे. हवा यंदा मळभटच आहे, वर जाऊनही काही दिसायचं नाही. तुझं कोपर आधी बरं होऊ दे. इतक्या लांबून दिवा दिसेलच याची खात्री मलाही नाही, दीपगृहं जहाजांसाठी असतात, डोंगरांसाठी नाही.

मी बरा आहे. संध्याकाळी हल्ली मला वेळच वेळ असतो. खुर्ची बाहेर टाकून बसतो. भिंगावर कापड घातलंय, धूळ फार येते. गोदामवाल्यांचं पत्र आलंय, महिनाअखेरीला रुजू व्हा म्हणतात. हो कळवावं म्हणतो.

खरंच जाऊ नकोस.

बारक्या

१२ डिसेंबर

बारक्या,

तुझं पत्र काल आलं. मळभ कुठलं? इथे आभाळ घासलेल्या भांड्यासारखं लख्ख आहे. तुझ्या पत्रात काहीतरी गळतंय, कुठे ते अजून सापडलं नाही, पण मला गळतीचा आवाज कळतो.

मी परवा रविवारी जाणार. हे पत्र तुला मंगळवारच्या बोटीने मिळेल, म्हणजे तोवर मी जाऊनसुद्धा आलेली असेन आणि तुला अडवता येणार नाही. म्हणूनच आज टाकतेय. गोदामाला हो कळवलं असशील तर दुसरं पत्र टाकून नाही कळव.

हवा नरम ठेवलीय. डबा, पाणी आणि पाना घेतलाय. पाना कशाला म्हणून मिस्त्रीने विचारलं. पान्याशिवाय मला उघडं वाटतं.

ताई

१५ डिसेंबर

बारक्या,

आधी डोंगराचं सांगते, मग पैजेचं.

घसारा पार केला. त्याच्या वर हँडलपेक्षा उंच गवत, त्यात वाट नाही, नुसता अंदाज. गवतातून गाडी काढताना खालचं काही दिसत नाही, चाकाला जे कळतं तेच आपल्याला कळतं. गवत संपलं की कातळ, आडवा झोपलेला, म्हशीच्या पाठीसारखा. त्याच्यावर इंजिन पहिल्या गिअरमध्ये असं काही धापा टाकत होतं की मी त्याला म्हटलं, जरा दम खा, मलाही खायचाय. शेवटी माथा. माथा म्हणजे मैदान नाही, जाड भिंत समज. इकडे आमची बाजू, झरा, टाकी, माझ्या घराचं छप्पर टिकलीएवढं.

आणि तिकडे ते.

मी हेल्मेट काढायचंही विसरले. मला वाटलं होतं, समुद्र म्हणजे लांब कुठेतरी निळा पट्टा दिसेल. पट्टा नाही रे तो. आभाळ खाली उतरून आडवं झालंय. त्याचा शेवट शोधायला मी मान फिरवत गेले तर मानच संपली. आम्ही टपटपणाऱ्या एका सांध्यासाठी पावसात धावतो, आणि इथे हे सगळं असंच उघड्यावर पडलेलं. झाकण नाही, कॉक नाही, आवळायला कोणी नाही. आणि तरी एक थेंब कुठे सांडत नाही. म्हटलं, हे जन्मभर माझ्या घराच्या मागे होतं. मी धुणं वाळत घालायचे तेव्हाही होतं. आई गेली तेव्हाही होतं. मला कोणी सांगितलं नाही. तू सांगितलंस, पण पत्रात सांगून हे कळत नाही, त्यात तुझा दोष नाही. तू का पळालास ते मला काल कळलं. मी असते तर मीही पळाले असते.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा मी कान दिला, चुर्र होतं का. नाही झालं.

मग दिव्याची वाट बघत बसले. गाडीचं तोंड समुद्राकडेच होतं. पडापडीत कार्बोरेटरचा स्क्रू सैल झाला असावा, इंजिन सारखं बंद पडायला बघत होतं, आणि त्या अरुंद जागी किक मारायला पाय ठेवण्याएवढी सपाटी नव्हती. म्हणून बसल्या जागी मूठ पिळत राहिले. सोडली की गाडी मरायला टेकायची, पिळली की उठून बसायची. असल्या स्वस्त गाडीचा दिवा इंजिनावर चालतो, मूठ सोडली की मिणमिणतो, पिळली की भडकतो. मी तिला शिव्या देत होते आणि डोळे समुद्रावर. दोन झपके, मग लांबलचक अंधार, हे घोकत होते. अंधार लांबलचक होता. झपके नव्हते. पार काळोख होईपर्यंत थांबले. मग कातळ आणि गवत पायाने चाचपत, गाडी हाताने धरून उतरले आणि झऱ्याच्या पाईपखोलीत पडून राहिले.

दिवा दिसला नाही. खोटं बोलून तुला इथे आणता आलं असतं, कोण बघायला आलं होतं? पण पैज ती पैज. मी हरले. जा गोदामात.

आईची खोली परवाच रिकामी केली होती. पाईप पुन्हा आत टाकते.

ताई

१४ डिसेंबर, संध्याकाळ

ताई,

हे पत्र बोट येईपर्यंत पडून राहील, तरी आत्ताच लिहितो. उद्यापर्यंत मला वाटायला लागेल की भास होता.

आधी जे लपवलं ते. दिवा बंद झालाय. वर्षअखेर म्हणाले होते, पण नोव्हेंबरच्या शेवटीच बोटीतून माणूस आला, तारा सोडवल्या, माझ्याकडून सही घेतली आणि चहाही न पिता गेला. त्यानंतर आलेल्या बोटीने तुझं पैजेचं पत्र आलं. तू विझलेल्या दिव्यासाठी डोंगर चढणार होतीस आणि मला लिहवेना. लिहिलं की ते खरं झालं असतं. म्हणून मळभाचं लिहिलं.

आज संध्याकाळी सवयीने वर गेलो. लावायचं काही नसतं, पण पायांना कोणी सांगितलेलं नाही. हवा स्वच्छ होती. सूर्य गेल्यावर दुर्बीण पूर्वेला फिरवली. निळी रेघ काळी होत चालली होती, आणि तिच्यावर एक दिवा होता.

ताई, तिथे कधीही दिवा नसतो. मी इतकी वर्षं त्या रेघेकडे बघतोय. आधी चांदणी वाटली, पण चांदणी मोठी होऊन बारीक होत नाही. मी चाल पकडायला लागलो, दुसरं मला काही येत नाही. लांब भडका, मग विझल्यासारखं, मग घाईघाईने दोन आखूड, मग पुन्हा असा भडका की जसा कोणी टेबलावर हात आपटावा. असली चाल कुठल्याही दीपगृहाला नसते. चाल शांत असावी लागते. ही रागावलेली होती. आणि मला एकदम हसू फुटलं, कारण अशी चाल असलेलं एकच माणूस मला माहीत आहे.

मी टॉर्च घेऊन सज्ज्यात गेलो आणि हलवत राहिलो. तुला दिसणार नाही हे ठाऊक होतं. अंधार पडून बराच वेळ होईपर्यंत तू होतीस. मग नव्हतीस.

मी जन्मभर दिवा दाखवला. मला कोणी दाखवलेला हा पहिला.

तू नीट उतरलीस का? तेवढं आधी कळव. गोदामाला हो लिहिलेलं पत्र अजून इथेच आहे, बोटीत टाकलं नाही. पैजेचं आता काय समजायचं, ते तू ठरव. मला ठरवता येत नाही.

तुझा बारक्या

१९ डिसेंबर

गधड्या,

उतरले नीट. कोपर दुसरं सोललं, आता दोन्ही सारखी झाली.

दिवा बंद झाला हे सांगायला तुझं काय जात होतं? मी त्या माथ्यावर थंडीत कुडकुडत तुझे झपके शोधत होते आणि तू खाली उभा राहून माझे मोजत होतास. मी तुला दिवा-बिवा काही दाखवत नव्हते, गाडी बंद पडू नये म्हणून मूठ पिळत होते. पण तुझं पत्र वाचल्यावर मी परसात गेले आणि उगाचच डोंगराकडे बघत उभी राहिले. शेजारणीने विचारलं, काय बघतेस. म्हटलं, माझं दीपगृह.

पैजेचं मी ठरवलंय. पैज दिसण्याची होती. दिसलं. कोणाला दिसायला पाहिजे हे ठरलं नव्हतं, माझं पत्र तुझ्याकडे आहे, काढून बघ. या पत्राच्या आधी एक पत्र मी हरले म्हणून पाठवलंय, ते न वाचता फाड. तू हरलास. सामान बांध. पाईप पुन्हा बाहेर काढलेत, आईच्या खोलीला चुना देतेय. समुद्र दिसेल तुला. रोज नाही, रविवारी. बाकीचे सहा दिवस डोंगर बघ, त्याची आता मला लाज वाटत नाही.

बेट सोडायच्या आधीच्या रविवारी सूर्य गेला की पूर्वेला बघ. या वेळी मुद्दाम पिळणार आहे. चाल तुझीच, दोन झपके आणि मग लांबलचक अंधार, म्हणजे तो दिवा एकदा तरी तुला बाहेरून दिसेल. टॉर्च टाकून देऊ नकोस, येताना घेऊन ये, पाईपखोलीत लागतो.

एक अडचण होती, गाडीला मागच्या माणसासाठी पायदानं नव्हती. मिस्त्री आत्ता माझ्यासमोर बसवतोय. मी विचारलं, दोघं बसणार तर हवा जास्त भरावी लागेल का. म्हणाला, थोडीशी. मी पंप त्याच्याच हातात दिला. नमतं घेणं माझ्या हाताला अजून जमत नाही.

ताई